जर्मन शिकवताना आणि त्यावर संशोधन करताना या चुका टाळा

विद्यापीठातल्या जर्मनच्या वर्गात मराठी मुलं वर्षानुवर्षं त्याच चार-पाच ठिकाणी अडखळतात. बहुतेकदा कारण एकच: आपण इंग्रजीचं बोट धरून जर्मन शिकवतो आणि मुलांच्या तोंडातली मराठी वापरतच नाही.

सगळ्यात जास्त त्रास देते ती क्रियापदाची जागा. 'मी घरी राहतो, कारण मी आजारी आहे' हे जर्मनमध्ये लिहायला सांगा. 'वाइल इश बिन क्रांक' असं लिहिणारे भरपूर निघतात. हवं होतं 'वाइल इश क्रांक बिन'. आता शब्दाखाली शब्द मांडा: इश म्हणजे मी, क्रांक म्हणजे आजारी, बिन म्हणजे आहे. क्रम हुबेहूब मराठीचा! तो हातातला क्रम मुलाने सोडला, कारण डोक्यात 'बिकॉज आय ॲम' वाजत होतं. वाइल (कारण), वेन (जर, जेव्हा), ओब (की नाही) यांनी सुरू होणारी गौणवाक्यं, म्हणजे मुख्य वाक्याला जोडलेली उपवाक्यं, शिकवताना फळ्यावर आधी मराठी वाक्य लिहा, इंग्रजी नकोच. बोलताना जर्मन माणसंही वाइलनंतर क्रियापद दुसऱ्या जागी आणतात, पण लेखी परीक्षेत त्याचे गुण जातात. मुख्य वाक्यात मात्र मराठीचा हात सोडायचा, तिथे क्रियापद दुसऱ्याच जागी: 'हॉइटे फारे इश' (आज मी जातो), 'हॉइटे इश फारे' नव्हे.

मराठीत तीन लिंगं आहेत, म्हणून जर्मनची आपोआप जमतील हा दुसरा भ्रम. जर्मन नामाआधी आर्टिकल येतं: पुल्लिंगाला देर, स्त्रीलिंगाला दी, नपुंसकलिंगाला दास. सूर्य आपल्याकडे तो, तिकडे दी झोने. झाड ते, पण देर बाउम. मुलगी ती, म्हणून मुलं 'दी मेडशेन' म्हणतात आणि समोरच्याला 'मुली' ऐकू येतं, कारण अनेकवचन तेच आहे. एकवचन दास मेडशेन. 'शेन' प्रत्यय लागला की नपुंसकलिंग, 'हाइट', 'काइट', 'उंग' लागले की स्त्रीलिंग, जोडशब्दात शेवटच्या शब्दाचं लिंग. बाकी नाम आर्टिकलसकटच पाठ करायचं. वेळ वाचवायला नुसती नामं घोकणारा विभक्ती सुरू झाल्या की अडकतो, आणि तेव्हा सगळे शब्द पुन्हा पाठ करावे लागतात.

'त्साइट'चं (म्हणजे वेळ) 'झाइट' करू नका. तो उच्चार आपल्या 'चमचा'तल्या च चा आहे. 'ड्रुकन' म्हणजे छापणे आणि 'ड्र्यूकन' म्हणजे दाबणे, यांतला फरक साधायला ई म्हणत राहा आणि फक्त ओठ ऊसारखे गोल करा.

ॲपमधून भाषांतर करून आणलेला निबंध तपासत बसू नका. परत द्या.

आता प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी. निबंध गोळा करायचे, चुका मोजायच्या आणि तक्ता काढायचा, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. समजा, एकाने वाइल दोनदा वापरलं आणि दोन्हीदा चुकवलं. दुसऱ्याने वीसदा वापरलं, पाचदा चुकवलं. नुसत्या मोजणीत दुसरा कच्चा ठरतो! म्हणून त्या रचनेचे एकूण वापर मोजा आणि त्यांतल्या बरोबर वापरांचं प्रमाण काढा. भाषा-संशोधक जॅकलिन शाक्टर यांनी 1974 मध्ये हेच दाखवलं होतं: चिनी आणि जपानी विद्यार्थ्यांच्या इंग्रजीत संबंधवाचक उपवाक्यांच्या ('जो आला तो' अशा) चुका कमी होत्या, कारण ते ती वाक्यं लिहिणंच टाळत होते. तेव्हा निबंधांच्या जोडीला पाच प्रश्न असे द्या, की वाइलने उपवाक्य केल्याशिवाय उत्तर लिहिताच येणार नाही.