कॉमिक्स आणि चित्रग्रंथ जपताना या चुका टाळा

जुन्या कॉमिक्सचा एखादा गठ्ठा सोडून पाहिला, तर त्यावर काळाने केलेल्या खुणा थोड्या आणि माणसाने केलेल्या फार दिसतात. नाशिकमध्ये राहून मी बरीच वर्षे मराठी इंद्रजाल कॉमिक्स, अमर चित्रकथा, चांदोबाचे अंक, जुने दिवाळी अंक आणि चित्रकारांवरील मोठे ग्रंथ जमवीत आलो आहे. माझ्या व माझ्या स्नेह्यांच्या हातून या काळात जे अंक बिघडले, त्यांतील बहुतेक ते वाचवण्याच्या घाईतच बिघडले. म्हणून पुढे ज्या चुका मांडल्या आहेत, त्या प्रामुख्याने मनापासून संग्रह करणाऱ्यांच्या चुका आहेत. कोणताही उपाय करण्यापूर्वी तो पुन्हा सोडवता येईल का, हे पाहण्याची सवय मला फार उशिरा लागली.

सेलोटेप, फेव्हिकॉल आणि बांधणी

अंकाची पाठ उसवली की हात आधी सेलोटेपकडे जातो आणि हीच चूक सर्वांत महागात पडते. सेलोटेपचा चिकटा काही वर्षांत पिवळा पडतो, पातळ होऊन कागदाच्या तंतूंत उतरतो, आणि पुढे वरची पट्टी वाळून आपोआप गळाली तरी खालचा तपकिरी डाग जात नाही. त्यातच कॉमिक्सचा कागद वर्तमानपत्री असतो. लाकडाच्या लगद्यातील लिग्निन त्यात तसेच राहिलेले असते, ते उजेडाने व हवेने पिवळे पडते, कागदात आम्ल वाढत जाते आणि तीस-चाळीस वर्षांत तो इतका ठिसूळ होतो की पट्टी ओढताना चिकट्याऐवजी कागदच सुटून येतो. माझ्याकडे इंद्रजालमधील वेताळाचा, म्हणजे फँटमचा, एक मराठी अंक आहे, ज्याच्या पाठीवर आधीच्या मालकाने दोन बोटे रुंद पट्टी लावली होती. पट्टी पूर्ण सुकली आहे असे समजून मी ती नखाने एका टोकाशी उचलली, तेव्हा पहिला अर्धा इंच अलगद सुटला आणि पुढच्या ओढीसरशी मुखपृष्ठावरील जांभळ्या पोशाखाची एक उभी फीत पट्टीबरोबर निघून आली. तिच्या जागी आता करडा, केसाळ लगदा दिसतो. अशी पट्टी जागेवर घट्ट असेल तर तिला हात लावू नये. अंक दुर्मीळ असेल तर कागद-संवर्धनाचे शिक्षण घेतलेल्या व्यक्तीकडेच तो द्यावा.

फाटलेले पान सांधण्याची योग्य रीत घरीही शिकता येते. पातळ जपानी टिश्यू कागदाची फाडून घेतलेली पट्टी आणि गव्हाच्या स्टार्चची शिजवलेली पातळ खळ एवढे साहित्य त्यासाठी पुरते. कुरडयांसाठी आपल्याकडे गव्हाचा जो चीक काढतात त्याचाच हा शुद्ध, आंबवण न झालेला प्रकार आहे, असे म्हणता येईल. ही खळ पुढे पाण्याच्या किंचित ओलाव्याने सुटते, फेव्हिकॉल मात्र सुकल्यावर सुटत नाही. बाइंडिंगवाल्यांच्या खळीविषयीही सावध राहावे, कारण किडे लागू नयेत म्हणून तीत मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे आणि मोरचुदातील तांबे कागदाच्या ऱ्हासाला वेग देते.

बांधणीचा विषय निघालाच आहे, तर मला सर्वांत जास्त हळहळ ज्याची वाटते ते सांगतो. सुटे अंक हरवतात म्हणून वर्षभराचे अंक एकत्र रेक्झिनमध्ये बांधून घेण्याची आपल्याकडे प्रथा होती आणि भाड्याने कॉमिक्स देणाऱ्या वाचनालयांनी तर ती सर्रास पाळली. बांधताना कडा सरळ दिसाव्यात म्हणून तिन्ही बाजूंनी छाटणी होते, कधी मुखपृष्ठे व जाहिरातींची पाने काढून टाकली जातात आणि पाठीशी आरपार टाके पडल्यामुळे दोन पानांवर पसरलेले चित्र मधोमध गिळले जाते. ‘किशोर’ या मुलांच्या मासिकाच्या काही अंकांचा एक संच मी स्वतः असा बांधायला दिला होता. परत आला तेव्हा चित्रांच्या वरच्या चौकटी आणि दोन ठिकाणी चित्रकाराची सही कापली गेली होती. छाटणी करू नये, हे मी सांगितलेच नव्हते. आता मी काहीच बांधायला देत नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यात अंक सुटे, उभे आणि फार न दाबता ठेवतो.

अंकाच्या पिना गंजल्या असतील तर त्यांच्याभोवतीचा कागद आधी तांबूस होतो आणि मग तेवढाच तुकडा गळून मधली पाने सुटतात. अशी पिन बाहेरून उपटू नये. मधले पान उघडून तिचे पाय आतून सरळ करावेत, मग ती बाहेर सरकवावी आणि त्याच भोकांतून सुती दोरा घालून सैल गाठ मारावी.

पिशवी कोणती, हे पाहा

अंक प्लास्टिकच्या पिशवीत घातला की तो सुरक्षित झाला, असा समज सर्वत्र आहे. साड्यांच्या कव्हरसाठी किंवा फाइलींसाठी वापरले जाणारे मऊ, वास येणारे प्लास्टिक बहुधा पीव्हीसी असते. त्यातील मऊपणा आणणारे द्रव्य कालांतराने बाहेर येऊन शाईला चिकटते आणि प्लास्टिक विघटित होताना आम्लही सुटते. पॉलिप्रॉपिलीन, पॉलिथिलीन किंवा पॉलिएस्टरच्या पिशव्या घ्याव्यात. पॉलिएस्टरची पिशवी महाग असते, पण सर्वांत टिकाऊ तीच. आत आधाराला घातलेला पुठ्ठा आम्लरहित असावा, नाहीतर त्याचीच पिवळी छाया मागच्या पानावर उमटते. लॅमिनेशन कधीही करू नये. उष्णतेने वितळवून चिकटवलेला तो थर काढण्याची सोयच नसते आणि कागद आतल्या आत आम्ल होत राहतो.

नाशिकचा पावसाळा

नाशिकची हवा चांगली, हे आपण अभिमानाने सांगतो आणि हिवाळ्यापुरते ते कागदालाही लागू पडते. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र हवेतील आर्द्रता दिवसेंदिवस ऐंशी टक्क्यांच्या वर राहते, कागद सादळतो आणि आर्द्रता पासष्टच्या वर टिकली की बुरशीला वाव मिळतो. पश्चिमेकडील बाहेरच्या भिंतीला टेकवून कपाट ठेवणे ही आपल्याकडील फ्लॅटांमधील नेहमीची चूक आहे, कारण पावसाचा मारा त्याच भिंतीवर होतो आणि ओल कपाटाच्या पाठीतून आत येते. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे असावे, सर्वांत खालचा कप्पा रिकामा असावा आणि आत एक छोटा आर्द्रतामापक ठेवावा. तो काही शे रुपयांत मिळतो आणि अंदाजापेक्षा कितीतरी खरे सांगतो. सिलिका जेलच्या पुड्या बंद खोक्यातच उपयोगी पडतात आणि त्या वेळोवेळी तापवून सुकवल्या नाहीत तर आठवडाभरात निरुपयोगी होतात.

भिजलेल्या पुस्तकाबाबत होणारी चूक मला सविस्तर सांगावीशी वाटते. २००८ आणि २०१६ मध्ये गोदावरीला मोठा पूर आला, तेव्हा सराफ बाजार आणि भांडी बाजार या भागांत पाणी शिरले होते. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कोणत्या भागापर्यंत पाणी चढले यावरून पुराचा अंदाज घेणारे आपण नाशिककर सोने-कापड आधी वर नेतो आणि पुस्तके शेवटी, हे मी पाहिले आहे. २०१६ च्या पुरानंतर जुन्या नाशकातील एका स्नेह्यांच्या वाड्यात भिजलेल्या पुस्तकांचे दोन ढीग होते. वर्तमानपत्री कागदावरचे अंक फुगले, वाकडे झाले, त्यांना वास लागला, पण बरेचसे वाचता येण्याजोगे राहिले. चित्रकलेचे मोठे ग्रंथ मात्र त्यांनी गच्चीवर उन्हात ठेवले आणि चार दिवसांनी ते विटेसारखे घट्ट झाले. चित्रे स्पष्ट उठावीत म्हणून आर्ट पेपरवर मातीचा व चिकटद्रव्याचा गुळगुळीत लेप असतो. तो ओला असताना मऊ होतो आणि सुकताना समोरच्या पानाच्या लेपाशी एकजीव होतो. त्यातील एक ग्रंथ त्यांनी सुरीने उघडून पाहिला. एका निसर्गचित्रातील आकाश डाव्या पानावर राहिले होते आणि झाडे उजव्या पानावर.

म्हणून आर्ट पेपरचे पुस्तक भिजले तर ते सुकू देऊ नये. ओले असतानाच पाने एकेक करून सोडवून प्रत्येक दोन पानांत मेणकागद घालता आला तर घालावा, मग टिपकागदाने पाणी टिपत पंख्याच्या वाऱ्यावर सावलीत सुकवावे. पुस्तके अनेक असतील आणि हात अपुरे असतील, तर ती तशीच ओली, पॉलिथिनमध्ये गुंडाळून घरच्या फ्रीजरमध्ये ठेवावीत. गोठलेल्या अवस्थेत बुरशी वाढत नाही, लेप चिकटत नाही आणि पुढे काय करायचे हे ठरवायला सवड मिळते. साध्या तापमानाला अठ्ठेचाळीस तासांच्या आसपास बुरशी धरू लागते, एवढीच मुदत आपल्या हाती असते.

कसर आणि झुरळांसाठी डांबरगोळ्या टाकण्याचा सल्ला घरोघरी मिळतो. त्यांची वाफ माणसाला अपायकारक असते, तिचा वास कागदातून वर्षानुवर्षे जात नाही आणि काही प्लास्टिकांवर तिचा परिणाम होतो. पोथ्यांच्या बासनात वेखंडाची पुरचुंडी ठेवण्याची आपली रीत यापेक्षा बरी. मात्र पुरचुंडी कागदाला टेकू देऊ नये. या सगळ्याहून दर दोन महिन्यांनी कपाट रिकामे करून झटकणे अधिक प्रभावी ठरते, असा माझा अनुभव आहे.

विकत घेताना

अमर चित्रकथा १९६७ मध्ये अनंत पै यांच्या संपादनाखाली सुरू झाली. पहिले दहा क्रमांक पाश्चात्त्य परीकथांचे होते आणि ‘कृष्ण’ हा अंक अकराव्या क्रमांकाचा. ज्यांना हे ठाऊक नसते, ते ‘क्रमांक एक’ शोधत राहतात किंवा पुढे नव्या क्रमांकाने निघालेल्या पुनर्मुद्रणालाच पहिली आवृत्ती समजून दाम मोजतात. एकाच शीर्षकाची अनेक मुद्रणे झाली असल्यामुळे मुखपृष्ठावरील किंमत, मलपृष्ठावरील जाहिराती आणि आतील प्रकाशकाचा पत्ता या तीन गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय निर्णय करू नये. इंद्रजाल १९६४ ते १९९० या काळात निघाले आणि त्यात आधी सरळ अनुक्रमांक व नंतर खंड-अंक अशी पद्धत आली. यादी करताना या दोन पद्धती मिसळल्या की एकच अंक दोनदा विकत घेतला जातो आणि हवा असलेला मागे राहतो.

रद्दीच्या दुकानात मुखपृष्ठ चांगले दिसले की घाईने पैसे दिले जातात. आधी मधले पान उघडून पिना दोन्ही ठिकाणी धरून आहेत का ते पाहावे आणि पाने मोजावीत. कोडी, कुपने व मधली मोठी चित्रे मुलांनीच कापून घेतलेली असतात. मुखपृष्ठ हल्लीची रंगीत प्रत असल्याची शंका आली तर भिंग लावावे. जुन्या छपाईत रंगाचे ठिपके ठरावीक जाळीत बसलेले दिसतात, इंकजेटच्या प्रतीत ते फवारल्यासारखे विखुरलेले असतात. नोटा तपासण्याचा जांभळा दिवाही उपयोगी पडतो. नोटा ज्या गावात छापल्या जातात तेथील संग्राहकाला तो मिळवणे अवघड नाही. कागद शुभ्र दिसावा म्हणून मिसळली जाणारी रसायने १९५० च्या सुमारास प्रचारात आली आणि त्या दिव्याखाली ती निळसर चमकतात. १९४५ चा म्हणून दिलेला कागद तसा चमकला, तर शंका घ्यावी.

किरकोळ वाटणाऱ्या काही चुका एकत्रच सांगतो. जड चित्रग्रंथ उभे ठेवल्यास पानांचा भार बिजागरीवर येऊन पुठ्ठा सुटतो, म्हणून ते आडवे, एकावर एक तीनपेक्षा जास्त नाहीत अशा रीतीने ठेवावेत. खिडकीच्या उजेडात वेष्टनावरील लाल-पिवळा आधी उडतो आणि निळाच उरतो. आपले नाव किंवा क्रमांक बॉलपेनने लिहू नये. मऊ पेन्सिलीने आतल्या पानावर लिहावा. हातमोज्यांची गरज नाही, त्यांनी बोटांची संवेदना जाते आणि ठिसूळ कडा मोडते. धुऊन पूर्ण कोरडे केलेले हात अधिक चांगले. वाचण्यासाठी मूळ अंक पुन्हा पुन्हा उघडू नये. बालभारतीने १९७१ पासूनच्या किशोरचे जुने अंक वाचायला खुले केले आहेत, त्यामुळे त्यातील गोष्ट पडद्यावर वाचावी आणि कागद, शाई व छपाई पाहण्यासाठी मूळ अंक काढावा.

राहता राहिली चित्रे फाडून फ्रेम करण्याची गोष्ट. चित्रकार दीनानाथ दलाल १९४५ पासून ‘दीपावली’ हा दिवाळी अंक काढीत असत. त्या काळच्या दिवाळी अंकांत आर्ट पेपरवर वेगळी छापून आत लावलेली रंगीत चित्रे असत आणि ती इतकी मोहक असत की घराघरांतून ती काढून भिंतीवर लावली गेली. त्यामुळे आज अंक मिळतो तो बहुधा चित्राविना, आणि चित्र मिळते ते अंकाविना. पंचवटीतील एका जुन्या घरातून मला दलालांचे असे एक चित्र फ्रेमसकट मिळाले, आणि आकार, कागद व फाटलेली कड जुळवून पाहिल्यावर ते माझ्याकडील एका अपुऱ्या अंकाच्याच मुद्रणाचे निघाले. ते जागेवर चिकटवावे, असा मोह झाला. पण कड जुळत असली तरी ते याच प्रतीतून निघाले याची खात्री नव्हती. शिवाय काचेमागे राहून त्याचा रंगही अंकातील इतर चित्रांहून फिका झाला होता. मी ते पॉलिएस्टरच्या पाकिटात घालून अंकाच्या शेजारी ठेवले आणि यादीत दोन्ही नोंदी वेगळ्या केल्या.