वय झाल्यावर नॅरोबोट लॉकमधून कशी न्यायची

इंग्लंडच्या कॅनॉलवर रिटायर झाल्यावर नॅरोबोटवर, म्हणजे कॅनॉलसाठीच्या लांब अरुंद बोटीवर, राहणारे खूप जण आहेत आणि त्यांना सगळ्यात जास्त दमवतं ते लॉक, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणारा, दोन्ही टोकांना गेट असलेला हौद. पहिलं म्हणजे घाई नको, तशीही स्पीड लिमिट ताशी 4 मैल आहे, मागचा थांबेल.

पॅडल (लॉकमध्ये पाणी आत-बाहेर सोडणारी झडप) उचलायचा विंडलास, म्हणजे फिरवायचं हँडल, लांब दांड्याचा घ्या, जोर कमी लागतो. पॅडलच्या यंत्राच्या स्पिंडलवर (फिरणाऱ्या दांड्यावर) पूर्ण आत बसवा आणि पॅडल वर धरून ठेवणारा खटका नीट अडकलाय ना ते डोळ्यांनी बघा, कारण तो न अडकता हात सुटला तर विंडलास गरागरा फिरतो आणि मनगट मोडू शकतं, त्यामुळे काम झालं की तो लगेच काढून घ्यायचा.

गेट हातांनी ढकलू नका. बीमला, म्हणजे गेटच्या लांब आडव्या दांड्याला, पाठ टेकवा, पाय जमिनीतल्या उंच विटांवर रोवा आणि पायांनी रेटा. हलतच नसेल तर दोन्हीकडचं पाणी अजून सारखं झालेलं नाही, थांबा जरा.

खाली उतरताना बोट सिलच्या (वरच्या गेटखालच्या, पाण्यात बुडलेल्या कट्ट्याच्या) खुणेच्या पुढेच ठेवा, हे खरंच जीवावरचं आहे, मागचा भाग सिलवर अडकला तर बोट कलंडून बुडते. अडकतेय असं वाटलं की खालच्या टोकाची पॅडल ताबडतोब बंद, मग वरच्या टोकाची हळूहळू उघडायची. दोराला बोलार्डवर (काठावरच्या खुंटावर) नुसता वेढा द्या, गाठ अजिबात नको.

गुडघे कुरकुरत असतील तर गेटवरून पलीकडे जाताना एक हात कायम कठड्यावर. आणि कॅनॉल सांभाळणाऱ्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट या संस्थेचे व्हॉलंटियर लॉककीपर भेटले तर बिनधास्त मदत मागा, ते त्यासाठीच असतात.