घरात रांगतं बाळ असताना मांजराच्या पिसवा कशा घालवाव्यात

श्रावणात आमच्या पंचवटीतल्या घरी मनी मान कराकरा खाजवायला लागली आणि चार दिवसांत भाच्याच्या पोटऱ्यांवर तांबडे टिपके उठले. भाचा दहा महिन्यांचा. हाताला लागेल ते तोंडात, त्यात मनीची शेपटीसुद्धा आली. मग सल्ले सुरू झाले. शेजारच्या काकू म्हणाल्या, खोबरेलात कापूर घालून चोळा. मावशीने रॉकेलचा बोळा सांगितला. निफाडचे मामा तर द्राक्षबागेवर फवारायचं औषध शिशीत घालून घेऊनच आले. सगळ्यांचा जीव मनीवर आणि बाळावर होता, पण तिन्ही उपाय दोघांनाही विषारी!

पिसवाच आहेत ना?

बारीक दातांची फणी घ्या. प्राण्यांच्या दुकानात पिसवांची मिळते, नाहीतर घरातली उवांची चालते. मांजराला पांढऱ्या कागदावर बसवून मान, पाठ आणि शेपटीचा बुडखा विंचरा. काळे, मिरपुडीसारखे कण पडले तर त्यावर ओला कापूस दाबा. कापसावर तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. पिसू दिसायलाच हवी असं नाही, बऱ्याचदा मांजर ती चाटून गिळून टाकतं. फणीत पिसू सापडली तर नखावर चिरडू नका, भांड्याच्या साबणाच्या पाण्यात बुडवा.

आजी पिसवा म्हटलं की प्लेगची आठवण काढते. १८९६ साली मुंबईत आलेला प्लेग पसरवणारी पिसू उंदरावरची होती. ही जात वेगळी, तेव्हा त्या भीतीने रात्र जागवायला नको.

खरी लढाई फरशीवर

सगळ्यात जास्त चूक इथे होते. मांजराच्या अंगावर दिसतात त्या मोठ्या पिसवा, एकूण पसाऱ्याच्या जेमतेम पाच टक्के. बाकीचा पसारा अंडी, अळ्या आणि कोष यांचा, आणि तो असतो गोधडीत, सोफ्याच्या फटीत, दिवाणाखाली. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते आणि ती केसांवरून घरंगळून खाली पडतात. बाळ रांगतं नेमकं तिथेच. पावसाळ्याची दमट, उबदार हवा अळ्यांना मानवते, अशा हवेत दोन-तीन आठवड्यांत अंड्याची पिसू होते.

म्हणून विष कमी आणि झाडू जास्त, असं धोरण ठेवा. आपल्याकडे गालिचे कमी आणि फरशी जास्त, हे आपलं नशीब. पहिले दोन आठवडे रोज, पुढे दिवसाआड, मांजराच्या झोपायच्या जागा, देवघराखालची फट, धान्याच्या कोठीमागचा कोपरा आणि फरशीच्या सांधी साफ करा. व्हॅक्यूम असेल तर उत्तम. त्याची पिशवी लगेच प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून घराबाहेरच्या कचऱ्यात टाका. नसेल तर केर काढून साबणाच्या पाण्याने पुसा. जुन्या वाड्यात लाकडी तक्तपोशी असेल तर फटींवर जास्त हात चालवावा लागेल.

गोधड्या, चादरी, बाळाची दुपटी, मांजराचं पोतेरं हे सगळं आठवड्यातून एकदा कढत पाण्यात, यंत्राला साठ अंशांवर लावून धुवा. पावसात ऊन मिळत नाही, तेव्हा वाळल्यावर कडक इस्त्री फिरवा. बाळाची मऊ खेळणीही विसरू नका. आमच्याकडे एक कापडी हत्ती तीन आठवडे सुटून गेला होता.

मांजराला काय लावायचं

आधी वजन करा. मांजराला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहा, मग एकटे, आणि वजाबाकी करा. वय आणि वजन सांगून पशुवैद्याकडून मांजरासाठीचेच थेंब घ्या. फिप्रोनिल आणि एस-मेथोप्रीन यांचं मिश्रण बऱ्याच ठिकाणी मिळतं. पहिलं मोठ्या पिसवा मारतं, दुसरं अंड्यांची वाढ रोखतं. सेलामेक्टिनचे थेंबही आहेत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू असेल तर स्वतःहून काही लावू नका, फणीच वापरा. त्याच्या हिरड्या फिक्या पडल्या असतील तर उद्यावर न ढकलता दवाखाना गाठा, पिसवा पिल्लाचं रक्त अक्षरशः आटवतात.

थेंब रात्री, बाळ झोपल्यावर लावा. हातमोजे घाला. मानेवर, डोक्याच्या अगदी मागे, जिथे मांजराची जीभ पोचत नाही तिथे केस दुभंगून नळीचं टोक कातडीला टेकवा आणि दाबा. केसांवर सांडलं तर उपयोग नाही. ती रात्र मांजर वेगळ्या खोलीत ठेवा. जागा पूर्ण वाळेपर्यंत मुलांचा हात लागू देऊ नका. मी तर पूर्ण एक दिवस दोघांची गाठ पडू दिली नाही. आधी आणि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ नको. रिकामी नळी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका, मोरीत खंगाळू नका. ही औषधं पाण्यातल्या जिवांना मारक आहेत आणि आपली मोरी शेवटी गोदावरीकडेच जाते.

घरात दुसरं मांजर किंवा कुत्रा असेल तर त्याच दिवशी त्यालाही त्याचं त्याचं औषध लावा.

हे मात्र करू नका

एका दुकानदाराने मला कुत्र्याचे थेंब पुढे केले, "ताई, अर्धेच घाला" म्हणून. कुत्र्यांच्या बऱ्याच थेंबांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. ते फोडून शरीराबाहेर टाकण्याची यकृतातली सोय मांजरात फार तोकडी असते. अर्धे थेंबही मांजराचा जीव घेऊ शकतात. थरथर, स्नायू उडणं, लाळ, झोकांड्या, झटके ही लक्षणं. असं झालं तर कोमट पाण्यात भांड्याचा सौम्य साबण घालून ती जागा धुवा, पुसा आणि औषधाचं खोकं घेऊन तडक डॉक्टरकडे जा. कुत्र्याला असे थेंब लावले असतील तर ते वाळेपर्यंत मांजर त्याच्याजवळ झोपू देऊ नका.

कापूर, निलगिरी आणि टी-ट्री तेल मांजराला बाधतं. लसूण त्याच्या रक्तपेशी फोडतो. डांबराच्या गोळ्या पोराला पेपरमिंटसारख्या दिसतात आणि झुरळांचा खडू पाटीवरच्या खडूसारखा, तेव्हा दोन्ही घरात नकोत. कुणाच्या माळ्यावर अजून गॅमेक्सिन या जुन्या कीटकनाशक पुडीचा डबा असेल तर त्यातल्या लिंडेन या विषावर आपल्याकडे २०१३ पासून वापरबंदी आहे.

राहिलं मामांचं औषध. फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड ही नावं मांजराच्या खोक्यावर दिसतात आणि कृषी सेवा केंद्रातल्या बाटलीवरही, त्यामुळे नाशिककडे हा घोटाळा हमखास होतो. नाव एक असलं तरी तीव्रता वेगळी आणि सोबत मिसळलेली रसायनंही वेगळी. ते पिकासाठी बनवलेलं असतं, चाटून अंग साफ करणाऱ्या प्राण्यासाठी नाही. मामा जरा रागावले, मग शिशी परत घेऊन गेले.

बाळाकडे लक्ष

चाव्यांवर थंड पाण्याची पट्टी ठेवा, नखं कापा. पू धरला किंवा ताप आला तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बाळाने चुकून पिसू गिळली तर तिच्यातून फीतकृमी होऊ शकतो. लंगोटात किंवा मांजराच्या शेपटीखाली तांदळाच्या कणीसारखे तुकडे दिसले तर डॉक्टरांना सांगा. मांजराला जंताचं औषधही याच सुमारास द्यायचं. बोचकारलं तर जखम साबणाने धुवा.

औषध बाळाच्या तोंडात गेलं तर ओकारी काढू नका. तोंड पुसा, खोकं हातात घ्या आणि १०८ला फोन करा. दिल्लीच्या एम्समधल्या विषमाहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ आहे, तो फ्रिजवर चिकटवून ठेवा.

पंधरा दिवसांनी पुन्हा पिसवा दिसल्या तर

दिसतीलच. कोषातली पिसू महिनोन्‌महिने दबा धरून बसते आणि चालण्याची कंपनं, ऊब किंवा श्वास जाणवला की बाहेर पडते. कोषापर्यंत औषध पोचत नाही. त्यामुळे औषध वाया गेलं असं समजून दुप्पट थेंब घालू नका आणि घरात फवारणी करणाऱ्यालाही बोलावू नका. डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने, साधारण दर महिन्याला, निदान तीन महिने थेंब द्यायचे. आम्ही तारखा दिनदर्शिकेवर लिहून ठेवल्या होत्या. तिसरा डोस नवरात्रात पडला, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी मनीला विंचरलं तेव्हा कागदावर नुसते केस पडले.