लॉन पिवळं पडलं? आधी खुरपं उचला, खताची पिशवी नंतर

लॉनवर पिवळा डाग दिसला की लोक आधी खत आणतात. खताने भागलं नाही की औषध, औषधाने भागलं नाही की गवताचे नवे तुकडे. खुरपं कुणी हातात घेत नाही. दुखणं बहुतेक वेळा पानात नसतं, खालच्या वीतभर मातीत असतं. पण माती उकरायला वेळ लागतो, हात मळतात आणि पिशवी तेवढी दुकानात तयार मिळते.

रोज थोडं थोडं पाणी

लोक करतात त्यातली माझी सगळ्यात नावडती चूक. संध्याकाळी पाइप धरून दहा मिनिटं फवारा मारायचा आणि काम झालं म्हणायचं. त्याने वरची दोन बोटं माती ओली होते. मुळांना पाणी वरच मिळत असेल तर ती खाली कशाला जातील? मग कडक उन्हात चार दिवस घर बंद राहिलं की सगळं लॉन आडवं. शिवाय संध्याकाळी दिलेलं पाणी पानांवर रात्रभर राहतं आणि बुरशी खूश.

पाणी पहाटे द्या, आठवड्यातून एकदा-दोनदा आणि भरपूर. पाऊस धरून आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर हा हिशेब बहुतेक लॉनना चालतो. रेताड जमिनीत तेवढंच पाणी जास्त वेळा विभागून द्यावं लागतं, आणि उन्हाळ्यात थोडं वाढवावं लागतं. २५ मिलिमीटर म्हणजे किती, ते मोजायला सपाट बुडाचे, सरळ कडांचे रिकामे डबे लॉनवर चार ठिकाणी ठेवा आणि स्प्रिंकलर सुरू करा. किती वेळात किती भरतं ते पट्टीने मोजा. अनेकदा एका डब्यात दुसऱ्याच्या दुप्पट पाणी निघतं. ज्या कोपऱ्याला ‘रोग’ पडलाय म्हणून औषध मारलं जातं, तिथे कित्येकदा पाणीच पोचत नसतं.

चिकण माती पाणी सावकाश पिते. वाहून जायला लागलं की नळ बंद करा आणि अर्ध्या तासाने पुन्हा सुरू करा. पाणी कधी द्यायचं, हे मात्र मी कॅलेंडरवर ठरवत नाही. लॉनवरून चालायचं आणि मागे वळून बघायचं. पावलांचे ठसे तसेच राहिले असतील आणि रंग निळसर-राखाडी झाला असेल, तर गवत तहानलेलं आहे.

खाली काय पुरलंय, ते न बघता गवत लावणं

नव्या घरांभोवती हे हमखास होतं. एका घरी फाटकाजवळचा टेबलाएवढा चट्टा दर उन्हाळ्यात मरायचा. बुरशीनाशक झालं, हुमणीचं (मुळं खाणाऱ्या अळीचं) औषध झालं, युरिया तर कितीदा. त्या जागी गवताचे नवे तुकडेही बसवून झाले. मालक म्हणाले, “त्या जागेलाच काहीतरी आहे.” मी लांब स्क्रूड्रायव्हर मागितला. बाकी लॉनमध्ये तो मुठीपर्यंत गेला. चट्ट्यात चार बोटांवर ‘खट्’.

खणल्यावर खाली सिमेंटचा घट्ट थर निघाला. बांधकामाच्या वेळी सिमेंट-वाळूचा माल कालवायची ती जागा. थरावर विटांचे तुकडे, प्लास्टरचे पोपडे, एक कुजलेली गोणी. त्यावर मातीचा पातळ हात फिरवून कुणीतरी गवत अंथरलं होतं. मुळांना खाली वाट नाही, पावसात पाणी साचायचं, उन्हात तेवढीच माती तापून कोरडी व्हायची. त्यात सिमेंटमधल्या चुन्याने मातीचा सामू (पीएच) चढलेला. सामू चढला की मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, ही त्याची खूण. नत्र कमी असेल तर उलट आधी खालची, जुनी पानं पिवळी पडतात. म्हणजे इतक्या युरियाचा तिथे काही उपयोग नव्हता.

मालकांचा पुढचा प्रश्न ठरलेलाच होता, “वरून काही टाकून नाही का भागणार?”

नाही. पहारीने फोडून सगळा राडारोडा बाहेर काढला, वीतभर चांगली माती आणि कुजलेलं कंपोस्ट भरलं, पाणी दिलं आणि थांबलो. थांबणंच त्यांना सगळ्यात जड गेलं. गवत त्याच दिवशी हवं होतं. ताजी भर खाली बसते. तिच्यावर घाईने लावलेल्या लॉनमध्ये पहिल्या मोठ्या पावसानंतर खळगा पडतो आणि पुन्हा तिथेच पाणी साचतं.

लव्हाळा उपटणं

लव्हाळा हे गवतासारखं दिसणारं तण. वरून ओढला की पात हातात येते, गाठ मातीतच राहते. गाठी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि उरलेल्या गाठींतून नवे कोंब येतात. दांडा बोटांत फिरवून बघा, तिधारी लागला तर ते गवत नव्हे. माती वाफशावर, म्हणजे ना चिखल ना कोरडी अशी ओलसर, असताना खुरप्याने गाठीसकट काढा, पुन्हा दिसला की पुन्हा काढा. सतत ओल असेल तिथे तो जास्त माजतो, म्हणून निचराही बघा. ग्लायफोसेट हे तणनाशक फवारायचा सल्ला कुणीतरी देतंच. त्याने लव्हाळ्याआधी तुमचं लॉनच मरेल. एका फवाऱ्यात प्रश्न मिटवायचा असेल, तर लव्हाळा हा विषय तुमच्यासाठी नाही.

बाकीच्या चुका

एका कापणीत गवताच्या उंचीचा एक तृतीयांशच भाग काढा. ‘खरवडून कापलं की महिनाभर बघायला नको’ म्हणणाऱ्यांच्या लॉनमध्ये तणच जास्त असतं.

मशीनचं पातं बोथट असेल तर गवत कापलं जात नाही, फाटतं. टोकं तपकिरी होतात आणि लोक त्याला रोग म्हणतात.

युरियात ४६ टक्के नत्र असतं. ओल्या पानांवर मुठीने उधळलात तर जिथे मूठ सुटली तिथे गवत जळणारच.

चिकण माती भुसभुशीत करायला थोडी वाळू मिसळू नका, ती आणखी कडक होते. कंपोस्ट घाला.

हुमणीची शंका असेल तर औषधाआधी गवत मुठीत धरून ओढा. मुळं खाल्लेली असतील तर ते सतरंजीसारखं गुंडाळत येतं. फूटभर चौरसात दोन-चार अळ्या दिसल्या तर सोडून द्या, दहाएक असतील तर उपाय करा.

मधोमध मेलेला गोल आणि भोवती गडद हिरवं कडं, हा कुत्र्याच्या मुताचा डाग. तिथे लगेच भरपूर पाणी ओता.

दाट सावलीत हरळी (लॉनचं नेहमीचं गवत) टिकत नाही. तिला ऊन लागतं. दरवर्षी तिथे नवी लावण्यापेक्षा सावलीत जगणारी झाडं लावा.

आणि झाडांच्या बुंध्याभोवती माती किंवा पालापाचोळ्याचा ढीग रचणं थांबवा. दिसायला नीटनेटका दिसतो, पण साल सतत ओली राहून कुजते आणि वर आलेली मुळं खोडाला विळखा घालतात. आच्छादन पाच ते आठ सेंटीमीटर जाड पुरे, तेही बुंध्यापासून हातभर नाही तरी चार बोटं लांब. बुंधा जमिनीत शिरताना पसरलेला दिसला पाहिजे. सरळ आत गेलेला दिसत असेल तर झाड खोल लावलंय किंवा वर भर पडलीय. मग हातानेच, मुळं न दुखावता, तो पसरलेला भाग दिसेपर्यंत माती उकरा.