पतंगांचा सापळा आणि पाली

काजू मोहरतात त्या दिवसांत, गोव्यात वाळपईला आमच्या परसात मी रात्री दिवा लावून पतंगांची नोंद ठेवते. आधी बल्कांवच्या (घरापुढच्या ओसरीच्या) भिंतीवर पांढरी चादर टांगायचे. पण फोटो काढेपर्यंत पाली अर्धे पतंग फस्त करायच्या. चादर भिंतीपासून लांब, दोन माडांमध्ये बांधली, तर मुंग्या आल्या.

शेवटी उपाय सापडला तो बादलीचा. खाली अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, वर नरसाळं, त्यावर अतिनील दिवा. (त्याकडे टक लावून बघू नये.) पतंग आत घसरतात आणि ट्रेच्या खाचांत गप्प बसतात. उजाडताच एकेक ट्रे उचलायचा. चुळबुळ्यांना डबीत घालून थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवलं की फोटो नीट येतो. आलेखाचा कागद खाली असला की आकारही कळतो.

तारखेसोबत चंद्राची कलाही लिहाच. पौर्णिमेच्या आसपास दिव्यावर पतंग कमी येतात; कला लिहिली नाही तर आकडे फसवतात. कण्हेरीवर वाढणारा हिरवा डॅफ्निस नेरी हा पतंग लगेच ओळखता येतो. बारीक तपकिरी पतंगांना मात्र मी कुळापर्यंतच नाव देते, ओढूनताणून जात लिहीत नाही. सोडताना दाट झुडपात सोडा, कोतवाल पक्षी टपलेलाच असतो.