माउंटन बाइक स्मार्ट ट्रेनरवर कशी चढवावी

स्मार्ट ट्रेनर म्हणजे सायकल घरात जागच्या जागी चालवायचं, ॲपला जोडता येणारं यंत्र. तो लावायचा तर रोड बाइकच हवी, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. हे खरं नाही. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या वाटा चिखलाने भरतात, शहरातले खड्डे पाण्याखाली जातात, आणि पुण्या-ठाण्याकडे कितीतरी चांगल्या हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या माउंटन बाइक) तीन-चार महिने बाल्कनीत उभ्या राहतात. त्याच सायकली ट्रेनरवर उत्तम चालतात. ट्रेनरसाठी दुसरी सायकल घेऊ नका. फक्त ट्रेनर मागवण्याआधी आपल्या सायकलचं मागचं चाक काढून, हातात धरून नीट बघा. पुढचं बरंचसं काम तिथेच ठरतं.

ट्रेनर कोणता

मागचं चाक काढून थेट बसवायचा, म्हणजे डायरेक्ट ड्राइव्ह. माउंटन बाइकसाठी माझं उत्तर एवढंच आहे. चाक रोलरवर दाबून चालवायचा ट्रेनर स्वस्त पडतो, पण गोट्यांचा टायर त्यावर घालू नका. घरभर घरघर होते, हादरे खालच्या मजल्यापर्यंत जातात, टायरच्या गोट्या झिजतात आणि जोर लावला की टायर रोलरवर घसरतो. मग पडद्यावर दिसणाऱ्या वॅटना, म्हणजे तुमच्या जोराच्या मापाला, काही अर्थ उरत नाही.

तसा ट्रेनर आधीच घेऊन ठेवला असेल तर मागे गुळगुळीत टायर लावा. २९ इंची चाकाची आणि रोड बाइकच्या ७००सी चाकाची रिम एकाच व्यासाची असते, ६२२ मिमी. त्यामुळे ३५ ते ४० मिमीचा साधा टायर बहुतेक रिमवर बसतो. रिम फार रुंद असेल तर मात्र बसवू नका. हवा दर वेळी तेवढीच भरा. सायकलला थ्रू ॲक्सल (चाकातून आरपार जाऊन फ्रेममध्ये आट्यांनी बसणारा जाड दांडा) असेल तर अशा ट्रेनरला वेगळा ॲक्सल विकत घ्यावा लागतो, आणि त्याचे आटे १, १.५ किंवा १.७५ मिमीचे असतात. आपले कोणते ते जुन्या ॲक्सलवरून पाहून घ्या. चुकीचा ॲक्सल जोर लावून फिरवला तर फ्रेममधले आटे जातात.

कॅसेट आणि ॲक्सल: खरं काम इथे आहे

मला सर्वांत जास्त छळलं ते या पायरीने. गियर टाकला की चेन दोन दात्यांच्या मध्ये कुरकुरत राहायची. डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) एका टोकाला जुळवला की दुसऱ्या टोकाला बिघडायचा. जो तो केबल आणि हँगर (डिरेलर जिथे टांगतात तो तुकडा) तपासायला सांगायचा. दोष त्यांत नव्हताच. कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) ट्रेनरच्या बॉडीवर, म्हणजे ती जिच्यावर चढते त्या नळीवर, सैल होती. म्हणून डिरेलरला हात लावण्याआधी पुढच्या गोष्टी याच क्रमाने तपासा.

आधी कॅसेटमधल्या सर्वांत लहान चकतीचे दाते मोजा. ११ किंवा त्याहून जास्त असतील तर जवळजवळ नेहमीच शिमानो कंपनीच्या एचजी प्रकारची बॉडी चालते, आणि बहुतेक ट्रेनरवर तीच लागलेली येते. १० दाते असतील तर एचजी बॉडीचा नाद सोडा. श्रॅम कंपनीची कॅसेट असेल तर एक्सडी बॉडी लागेल, शिमानोची १२ गियरची असेल तर मायक्रो स्प्लाइन. ही बॉडी आपल्या ट्रेनरच्या नेमक्या मॉडेलचीच घ्या. एका कंपनीची बॉडी दुसरीच्या ट्रेनरवर बसेल या आशेवर पैसे घालवू नका. ‘१२ गियर म्हणजे मायक्रो स्प्लाइन’ असं सांगणाऱ्यांचंही ऐकू नका. श्रॅमच्या एनएक्स आणि एसएक्स ईगल मालिकेच्या ११-५० (११ ते ५० दात्यांच्या) कॅसेट १२ गियरच्याच आहेत आणि एचजीवर बसतात. गियर नका मोजू, दाते मोजा.

मग स्पेसर, म्हणजे कॅसेटच्या मागे घालायची पातळ चकती. दुकानात तिला वायसरच म्हणतात. ट्रेनरवरची एचजी बॉडी बहुधा ११ गियरच्या रोड बाइकच्या मापाची असते, आणि ती माउंटन बाइकच्या बॉडीपेक्षा १.८५ मिमी लांब भरते. तेव्हा ८, ९, ११ गियरची माउंटन कॅसेट असो की वरची ११-५० ईगल, मागे १.८५ मिमीचा स्पेसर हवाच. ७ गियरच्या कॅसेटला त्याशिवाय आणखी ४.५ मिमीचा लागतो. एक्सडीची कॅसेट एक्सडीआर बॉडीवर (एक्सडीचा रोड बाइकसाठीचा लांब प्रकार) चढवताना पुन्हा तोच १.८५ मिमीचा. ट्रेनरच्या खोक्यात तळाशी छोट्या पिशवीत १.८५ मिमीचा स्पेसर बहुधा असतो. खोकं फेकण्याआधी ती पिशवी शोधा.

लॉकरिंग (कॅसेट जागेवर धरणारी कडी) ४० न्यूटन-मीटरवर आवळा. आता सर्वांत मोठी चकती दोन बोटांत धरून आडवी हलवून बघा. जरा जरी खटखटली तरी स्पेसर राहिला आहे. उघडा आणि पुन्हा बसवा. ही खटखट केबलने जाणार नाही.

आपल्याकडच्या स्वस्त ‘२१ गियर’ सायकलींना मागे कॅसेट नसतेच, हबवर आट्यांनी बसणारं फ्रीव्हील असतं. ते ट्रेनरवर चढत नाही. ७ गियरची कॅसेट वेगळी विकत मिळते. ती घ्या, जुना शिफ्टर तिच्यावर चालतो.

आता ॲक्सल. जुन्या क्विक रिलीजच्या (खटक्याने आवळायच्या बारीक दांड्याच्या) फ्रेममध्ये मागच्या दोन टोकांमधलं अंतर १३५ मिमी, थ्रू ॲक्सलच्या फ्रेममध्ये १४२, आणि बूस्ट, म्हणजे नवं रुंद माप, असेल तर १४८. बूस्ट फ्रेम दोन्ही बाजूंनी ३-३ मिमी रुंद असली तरी कॅसेट आणि उजवं टोक यांमधलं अंतर बदलत नाही. म्हणून बऱ्याच ट्रेनरवर फ्रेमच्या टोकाला टेकणारा उजवा तुकडा (अडॅप्टर) तोच राहतो आणि वाढलेले ६ मिमी सगळे डावीकडच्या तुकड्यातून येतात. तो तुकडा उलटा-सुलटा बसतो, एका बाजूला १४२ कोरलेलं असतं आणि दुसऱ्या बाजूला १४८. फ्रेम बसवल्यावर डावीकडे फट दिसली तर ॲक्सल आवळून ती मिटवू नका. ‘थोडं घट्ट करा, बसेल’ हा मी ऐकलेला सर्वांत वाईट सल्ला आहे. त्याने मागची फ्रेम वाकडी दाबली जाते, आणि कार्बनची असेल तर तडाही जाऊ शकतो. तुकडा काढा, उलटा करा.

इतकं सगळं बरोबर झाल्यावरही चाकावरची कॅसेट आणि ट्रेनरवरची कॅसेट केसभर मागेपुढे राहू शकते. त्यासाठी केबलच्या बॅरल ॲडजस्टरचे (केबलचा ताण जुळवायच्या गोल नटाचे) एक-दोन टिकटिक पुरे. लिमिट स्क्रूंना (डिरेलर कुठवर सरकेल ते ठरवणाऱ्या) हात लावू नका.

चाकावरची कॅसेट काढ-घाल करत बसण्यापेक्षा ट्रेनरसाठी तेवढ्याच दात्यांची दुसरी कॅसेट ठेवा. मात्र चेन जुनी असेल तर आधी मापा. ताणलेली चेन नव्या कॅसेटवर जोर लावताच उड्या मारते. ११-१२ गियरची चेन ०.५ टक्के ताणली की बदला.

हे काहीच नको असेल आणि फक्त झ्विफ्ट हे आभासी मार्गांवर सायकल चालवायचं ॲपच वापरायचं असेल, तर १४ दात्यांची एकच चकती असलेला झ्विफ्ट कॉग बसवा. ८ ते १२ गियरच्या चेनवर तो चालतो आणि गियर पडद्यावर बदलतात. ट्रेनरला व्हर्च्युअल शिफ्टिंग, म्हणजे असे पडद्यावरचे गियर, जमतं का, एवढं आधी बघा.

सायकल चढवणं

चेन सर्वांत लहान चकतीवर आणा, चाक काढा आणि लगेच डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये प्लॅस्टिकचा तुकडा सरकवा. डिस्क नसताना कुणी मागचा ब्रेक दाबला तर पिस्टन बाहेर येतात, मग चाक परत आत जात नाही. घरात लहान मूल असेल तर हा तुकडा विसरूच नका. सायकल बसली की पेडल हाताने फिरवा आणि कॅलिपर (ब्रेकचे पॅड धरणारा भाग) किंवा फ्रेम ट्रेनरला कुठे घासते का ते बघा.

पुढच्या चाकाखाली ठोकळा ठेवायचा सल्ला जिकडेतिकडे मिळतो. तो रोलरच्या ट्रेनरसाठी आहे. उंची बदलता न येणारा डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर रोड बाइकच्या चाकाच्या हिशेबाने बनवलेला असतो. २९ इंची चाकाचा ॲक्सल त्याहून सुमारे ३ सेंमी वर असतो, म्हणजे सायकल आधीच पुढून उंच आहे. ठोकळ्याने ती आणखी चढते आणि सीटवर मागे घसरायला होतं. जमिनीपासून दोन्ही ॲक्सलची उंची टेपने मापा आणि फरकाएवढी फळी ट्रेनरखाली घाला.

फोर्क आणि मागचा शॉक लॉक करा. ट्रेनर ब्लूटूथने जोडा. दहा मिनिटं चालवून तो गरम झाला की, तुमच्या मॉडेलला लागत असेल तर, कॅलिब्रेट करा, म्हणजे त्याचं माप जुळवून घ्या.

चालवताना

अर्ग मोडमध्ये वॅट ट्रेनर सांभाळतो, तुम्ही गियर बदलायचे नाहीत. चेन सरळ राहील असा मधला गियर निवडा. ३२ दात्यांचं पुढचं चक्र असेल तर मागे १५ ते १९. त्याहून हलक्या गियरमध्ये फ्लायव्हील (ट्रेनरमधलं जड चाक) फार हळू फिरतं आणि मोठे वॅट लागले की काही ट्रेनर कमी पडतात.

चढ-उताराच्या मार्गावर माउंटन बाइकची मजा येते. ३२-११ वर मिनिटाला ९० पेडलने ताशी साधारण ३६ किमीचा गियर मिळतो. झ्विफ्टमधला वेग वॅटवरून ठरतो, गियरवरून नाही, म्हणून सपाटीवर तो पुरतो. उतारावर पाय रिकामे फिरतील, तिथे सोडून द्या. पण आल्प दु झ्विफ्ट या झ्विफ्टमधल्या लांब चढाच्या २१ वळणांवर ५१ दात्यांची चकती सोबत असते. ट्रेनर डिफिकल्टी (पडद्यावरचा चढ पायांना किती जाणवावा ते ठरवणारं सेटिंग) पूर्ण ठेवून खरा चढ अंगावर घ्या. रोड बाइकवाले बहुधा ती निम्म्यावरच ठेवतात.

पंखा समोरून, तोही मोठा. कोकणातल्या आणि मुंबईतल्या दमट हवेत घाम वाळतच नाही. तो हेडसेटच्या बेअरिंगमध्ये आणि स्टेमच्या बोल्टमध्ये उतरतो आणि गंज धरतो. हँडलवर टॉवेल टाका, प्रत्येक वेळी चालवून झाल्यावर फ्रेम ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा. सरळ हँडलवर हात एकाच जागी राहून तळवे बधिर होतात, म्हणून आतल्या बाजूला छोटे बार-एंड (हात बदलून धरायच्या मुठी) लावा आणि दर दहा मिनिटांनी उभं राहून चालवा.

पाऊस उघडला आणि चाक परत लावलं की ट्युबलेसचं सीलंट वाळलंय का बघा, पॅडमधला तुकडा काढा, ब्रेक दोन-तीनदा दाबून घट्ट लागतोय याची खात्री करा आणि फोर्कचं लॉक उघडा.