कांद्याच्या चाळीत रात्री उंदीर टिपताना
निफाडकडे चाळीतले उंदीर एअरगनने मारणार असाल, तर आधी टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा. लाल उजेड उंदराला जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे तो बिचकत नाही. पण नुसते चमकणारे डोळे बघून घोडा ओढू नका. ते मांजर असेल, नाहीतर ससा. आणि ससा मारणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. उंदराच्या मागे मातीचा बांध किंवा वाळूची गोणी हवीच हवी. लोखंडावर, दगडावर आदळलेला छर्रा उलटा येतो. माझा एकदा चाळीच्या अँगलवर आपटून कानाजवळून सणकन गेला. तेव्हापासून चष्मा घातल्याशिवाय मी बंदूक उचलत नाही. आणि उसाच्या कडेला दबा धरून बसू नका, आपल्याकडे उसात बिबट्या असतो.